नाव सांगून बोला

आमच्या गावात कोणाचं जनावर कोणाच्या वावरात शिरलं, की लोक आधी एकमेकांच्या सात पिढ्या उकरून काढत आणि मग लटारीमामाजींना बोलवायला माणूस धाडत. गाव आमचं जैनथच्या पुढं, पैनगंगेच्या अलीकडं. नदीपल्याड महाराष्ट्र, अल्याड तेव्हाचा आंध्र आणि आताचं तेलंगण. कचेरीत तेलुगू, व्यापाऱ्याशी हिंदी आणि भांडण मात्र मराठीत, असा आमचा कारभार. भांडणंही काय मोठी म्हणावी? धुऱ्याची म्हणजे बांधाची, पाण्याची आणि गुरांची. त्यातल्या गुरांच्या भांडणाचा निवाडा करायचा तो मामाजींनी. कोणी नेमलेलं नव्हतं. त्यांचे वडील निजामाच्या काळात पटेलासंगं मोक्यावर जायचे, तेव्हापासून ते त्या घराकडं चालत आलं होतं, आणि वडिलांचे दोन शब्दही त्यांच्या तोंडी राहिले होते. एक मोका, म्हणजे जिथं घडलं ती जागा. दुसरा कसूर, म्हणजे दोष.

माझं किराण्याचं छोटं दुकान त्यांच्या घरासमोर. गल्ल्यावर बसलं की त्यांचं अंगण पुरं दिसायचं. मी काही त्यांच्या नात्यातली नाही. पण सासरचं गाव, म्हणून ते मामाजी आणि त्यांची बायको कौसाआत्या. ते मला सूनबाई म्हणत. शाळा मी बाहेरूनच पाहिली, वाचायला शिकले ती पुड्यांच्या रद्दीवर. तेव्हा ही माणसं जशी आठवतात तशी सांगते, कागदावर बसवताना वाकडीतिकडी झाली तर समजून घ्या.

मामाजी उंच आणि कमरेत जरा वाकलेले. कानातून पांढरे केस बाहेर आलेले, डोक्याला दुपट्टा. निवाड्याला निघाले की चाल अशी, जणू कोणी बोलावलंच नाही, सहज फिरायला आलेत. तिकडं माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जात असायची आणि हे धुऱ्यावर बसून तंबाखूत चुना मळत. चुना मळून झाल्याशिवाय कोणाचं तोंड पाहायचं नाही. मग चपला काढून धुऱ्यावर ठेवायच्या आणि म्हणायचं, "आंदी मोका दाखवा."

अनवाणी वावरात उतरायचे. खुरांच्या खुणांशी उकिडवं बसायचे, अंगठा घालून ओल पाहायचे. कुठून शिरलं, कुठं थांबून खाल्लं, कुठून निघालं, सगळं फिरून यायचे. चपला का काढता, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "सूनबाई, आपल्याच पायतानाच्या खुना मोक्यावर कायले टाकाच्या?"

आणि त्यांचा एक नेम होता. ज्याला बोलायचं त्यानं धुऱ्यावर उभं राहून आधी आपलं नाव सांगायचं, बापाच्या नावासकट. "मी सखाराम दाजीबा बोलून राह्यलो," असं. जन्मापासून एका गल्लीत वाढलेली माणसं एकमेकांना आपापली नावं सांगतायत, हे नव्या माणसाला फार हसू येण्यासारखं दिसायचं. पटवारी एकदा हसलाही. मामाजी त्याला म्हणाले, "हासा साहेब. पन बिननावाचं बोलनं उद्या कोनीच म्हनत नाई का म्या बोललो होतो. नाव घेतलं का जीभ जड होते."

कसूर ते कधी एकट्याच्या पदरात टाकत नसत. वाटे पाडत. ज्याचं जनावर त्याचा मोठा वाटा. ज्याची बाभळीच्या काट्यांची कुपाटी मोडकी, त्याचा त्याखालोखाल. आणि ज्यानं जाता-येता पाहिलं पण हाकललं नाही, त्याचाही एक. हा तिसरा वाटा लोकांना फार झोंबायचा. "माहं ना वावर, ना बैल, मी काऊन भरू?" असं लोक म्हणत. "डोये त तुहेच होते ना," मामाजी म्हणत. आणि भरायचं म्हणजे कष्टानं भरायचं. डवरणी, म्हणजे पिकातली कोळपणी, करून द्या, कुपाटी बांधून द्या, कडब्याच्या पेंढ्या टाका.

एकदा सखारामच्या ज्वारीत रात्री जनावर शिरलं. सखारामनं शेजाऱ्याच्या गाईचं नाव घेतलं, शेजाऱ्याची बायको तोंडाला पदर लावून रडायला लागली. मामाजी वावरात उतरले आणि एका खुणेशी बसले ते उठेचनात. लोक म्हणाले, बुढ्याला चक्कर आली का काय. मग उठले, धुऱ्यावर आले आणि स्वतः नाव सांगितलं. "मी लटारी गोमाजी बोलून राह्यलो. खूर डाव्या बाजूनं फुटलेला हाय. असा खूर गावात एकाच बैलाचा, माह्या कोशाचा. बैल माहा हाय."

पुढं त्याच कोशाला जुंपून त्यांनी सखारामची डवरणी करून दिली. कौसाआत्या अंगणात उभी राहून गल्लीला ऐकू जाईल असं बोलत होती. "सोताच्या बैलावर गवाही देनारा मानूस देवानं एकच बनोला आन् तो माह्या पदरात टाकला! अवो, कोनी पाह्यलं होतं का? गाईचं नाव निंगालंच होतं ना!"

"गाईनं खाल्ली नव्हती," मामाजी म्हणाले.

"मंग कोशाले विचारा आता, त्यालेच वाढू का भाकर?"

कौसाआत्याबद्दल एक गोष्ट इथंच सांगून टाकते, पुढं लागणार आहे. तिनं नवऱ्याचं नाव आयुष्यात तोंडातून काढलं नव्हतं. तशी आम्ही कोणीच काढत नव्हतो, पण तिचं फारच कडक. मुलगा व्हायच्या आधी "आमचे ते", मारोती झाल्यावर "मारोतीचा बाप". एका निवडणुकीत शाळेत मतदान होतं, रांगेत ती पुढं, मी मागं. बाहेरगावचा क्लार्क होता. त्यानं विचारलं, "पती का नाम?"

"मारोतीचा बाप," आत्या म्हणाली.

"मारोती?"

"नाई, तो पोरगा."

"तो पती का नाम बोलो ना, अम्मा."

"हे बाई सांगते," आणि तिनं मला पुढं ओढलं.

"ये कैसे बोलेगी? पती तो आपका है!"

"माहाच हाय, म्हनून त सांगत नाई!"

सगळी रांग हसली. शेवटी मी सांगितलं तेव्हा बोटाला शाई लागली. घरी येताना मला म्हणाली, "नाव घेतलं का मानसाचं आयुष्य कमी होते, सूनबाई. भांडन करा, पन नाव नका घेऊ." भांडण ती रोज करायची.

मामाजी चुकले नाहीत असं नाही. एक्याऐंशीला इंद्रवेल्लीचा गोळीबार झाला, त्याच्या पुढच्या सालची गोष्ट. पऱ्हाटीत, म्हणजे कापसात, जनावर शिरलं आणि वरून असा पाऊस झाला की मोक्यावर एक खूण उरली नाही. लोक म्हणाले, गावची गुरं राखणारा गायकी भिवा झोपला होता, गावचीच गुरं शिरली. सगळे एका तोंडानं म्हणाले, नावं सांगून म्हणाले. मामाजींनी खुणा न पाहता भिवाचा कसूर धरला. भिवा बायको आणि बिऱ्हाड घेऊन बेज्जूरकडं जंगलपट्टीत निघून गेला. मग त्याच वावरात पुन्हा नुकसान झालं आणि सकाळी रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप कुपाटी ओलांडून जाताना साऱ्यांनी डोळ्यांनी पाहिला. मामाजी बस बदलत बेज्जूरला गेले भिवाला आणायला. तो आला नाही. पाणी दिलं, खाट टाकली, पण आला नाही. त्यानंतर मामाजींनी कानाला खडा लावला. मोका पाहिल्याशिवाय कसूर सांगायचा नाही, मग सांगणारा कोणीही असो.

मारोती त्यांचा एकुलता एक. आदिलाबादला फौजेची भरती आली, तिथं पळण्यात पास झाला. बापासारखाच अनवाणी फिरणारा. पहिल्या सुट्टीत आला तेव्हा बुटांनी टाचांना फोड आलेले, आत्या हळद लावत बसली होती आणि तो दुकानात मला म्हणत होता, "वैनी, फौज बरी हाय, फक्त बुटं काढू देत नाईत."

सत्याऐंशी साली तो पोळ्याला सुट्टीवर आला. तेव्हा आपली फौज लंकेत गेली होती. रेडिओवर शांतिसेना, शांतिसेना चालू होतं. आमच्यातल्या कोणी समुद्र पाहिलेला नव्हता, पण गावाला एवढं कळलं, की तिकडं दोघांचं भांडण आहे आणि आपली पोरं ते सोडवायला गेलीत. मारोतीची पलटण मद्रासकडं हलली होती, म्हणजे तोही जाणार. मामाजींना त्याचा फार अभिमान वाटला, आणि का वाटला ते तुम्हाला आता सांगायला नको. अंगणात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायचे, "दुसऱ्याच्या धुऱ्याचं भांडन मिटवाले चालला. मोक्यावर चालला पोरगा."

गावात तेव्हा दोन पार्ट्या. झेंडे कोणते, नावं कोणती, ते मी लिहीत नाही. आम्ही त्यांना बसायच्या जागेवरून ओळखायचो. एक पारावरचे, एक हॉटेलातले. पारावरच्यांचे पुढारी गणपतराव, जुन्या पटेलाच्या घरातले, शांत, मिशीला तेल लावणारे. दिल्लीत तेव्हा त्यांचीच पार्टी. हॉटेलातल्यांचा किसन, बस थांबते तिथं त्याचं चहाचं हॉटेल, बोलायला लागला की कपातला चहा थंड होईपर्यंत बोलणारा. पार आणि हॉटेल समोरासमोर, मधे बसथांबा. मारोती निघाला त्या दिवशी दोन्हीकडचे खाली उतरले. गणपतरावांनी हार घातला आणि म्हणाले, "आमच्या पार्टीनं फौज धाडली, गावाचं नाव निंगालं." किसननं झेंडूचा त्याहून मोठा हार घातला. "देशाचं काम हाय, यात पार्टी नाई!" असं ओरडला. आत्यानं तळहातावर दही ठेवलं. आणि मामाजी, जे लग्नाच्या वरातीतही मागून चालायचे, त्यांनी वाजवणाऱ्याच्या गळ्यातलं डफडं काढून घेतलं आणि बस पिंपळामागं वळेपर्यंत स्वतः वाजवलं.

थंडीत तार आली. तिकडंच अग्नी दिला होता. पुढं फौजेचा एक माणूस अस्थी आणि कपड्यांची पेटी घेऊन आला. पेटीत बुटं पण होती. त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही.

आत्या पहिले काही महिने नुसती बसून असायची. मग एक दिवस मामाजी जेवायला बसले असताना तिनं विचारलं. समोरच्या गल्ल्यावरून मला ऐकू आलं.

"कोनाचा कसूर?"

मामाजींचा घास हातात राहिला.

"साऱ्या गावाचे कसूर सांगता. गाय-बैलाचे सांगता. मंग माह्या लेकराचा सांगा. एक नाव द्या मले. शाप द्याले मले एक नाव पायजे."

"मोका म्या पाह्यला नाई," मामाजी म्हणाले. "समुद्रापल्याड हाय तो."

"मंग पाहून या!"

 भिवाची आठवण त्यांना झाली असणार, पण तिला त्याचं काय? त्या दिवसापासून तिनं त्यांच्याशी बोलणं टाकलं. भाकर वाढायची, ताट पुढं सरकवायची आणि भिंतीकडं तोंड करून बसायची. ज्या घरातलं भांडण गल्लीला रोज ऐकू यायचं, तिथं भांडं पडलं तर ऐकू यायचं, एवढी शांतता. मामाजी कोणाचं नाव घेतील तेव्हा ती बोलेल, हे गल्लीतल्या पोराटोरांनाही कळत होतं. आणि खोटं नाव ते घेणार नाहीत, हेही.

एकोणनव्वद सालची निवडणूक आली आणि गावात एक नवीनच चाल सुरू झाली. माणसं लढायांवरून भांडायला लागली. आधी रस्त्यावरून, बोअरिंगवरून भांडायची, आता चिनी लढाईपासून सगळ्या लढाया पारावर आणि हॉटेलात येऊन पडल्या. हॉटेलातले म्हणायचे, बासष्टची हार तुमच्या पार्टीची. पारावरचे म्हणायचे, एकाहत्तरची जीत पण आमच्या पार्टीची. हॉटेलातले म्हणायचे, जीत फौजेची, हार तुमची, आणि लंकेतली मढी तुमची. पारावरचे म्हणायचे, तुमच्या पार्टीचा तेव्हा जन्म तरी झाला होता का? मी इकडं साखर तोलत ऐकायची. मला वाटायचं, यांच्यातल्या कोणाला पाकिस्तानची दिशा विचारली तरी तो नदीकडं बोट दाखवेल.

मग दोघंही मामाजींच्या अंगणात आले. आधी किसन. "मामाजी, आमच्या सभेत या. दोनच शब्द बोला. तुमच्या लेकराले कोनी मारलं, तेवढं सांगा."

दुसऱ्या दिवशी गणपतराव. "दादा, आमच्या मंचावर या. काई बोलू नका. फकत बसा. शाल घालतो."

एकाला त्यांचं तोंड पाहिजे होतं आणि एकाला त्यांचं गप्प बसणं. मामाजी चुना मळत दोघांचं ऐकून घेत होते. गणपतराव उठले तेव्हा आतून आत्याचा आवाज आला. किती दिवसांनी आला. "जा म्हनावं. कोनाचंबी नाव घ्या म्हनावं, पन घ्या म्हनावं."

मामाजींनी हातातली तंबाखू तशीच खाली टाकली. "येतो," म्हणाले. "पन मंचावर नाई. बसथांब्यावर. मोका तेथी हाय."

सभेच्या दिवशी पारावर एक भोंगा, हॉटेलावर एक भोंगा. मामाजी घरून निघाले तसे लोक मागं लागले, कारण गावाला भोंग्यापेक्षा मामाजींच्या निवाड्याची सवय. बसथांब्यावर पोचल्यावर त्यांनी भर रस्त्यात चपला काढल्या आणि कडेला ठेवल्या. भोंगे कोणी बंद केले मला माहीत नाही, पण बंद झाले.

"मी लटारी गोमाजी बोलून राह्यलो," ते म्हणाले. "लंकेचा मोका म्या पाह्यला नाई. तेथी कोनी कोनावर गोयी चालोली, काऊन चालोली, मले माईत नाई. ते मी सांगत नाई. पन हा मोका म्या पाह्यला. गणपतराव, तुमी येथी उभे होते. हार घातला तवा बोलले, आमच्या पार्टीनं फौज धाडली."

"बोललो असंन," गणपतराव म्हणाले. "पन दादा, पार्टीनं काय बंदूक चालोली?"

"बैल वावर खाते तवा मालक काई चरत नाई. तरी भरते मालकच."

हॉटेलातल्यांनी टाळ्या पिटल्या. गणपतराव तांबडे झाले. "धाडनारे दिल्लीतले मानसं वेगळे. मी त गावात बसून हावो. अन् जुन्या लढाईचं म्हनसान, त तवाचे मानसं मरूनबी गेले."

"एकाहत्तरची जीत आमची, असं पारावर रोज म्हनता. तवा तुमी पार्टीत होते?"

"वडील होते."

"मंग वडिलाचं वावर घेतलं, त वडिलाच्या कुपाटीतली फटबी घ्या लागते. जीत तुमची म्हनान, त हे मडंबी तुमचंच. नाईतर दोनी सोडा. पार्टीचं नाव एकच, बसनारे बदलते. नाव चालोता, त नावावरचा कसूरबी चालते. धाडनाऱ्याचा वाटा मोठा हाय. तो तुमच्या घरी."

किसन आता पुढं येऊन उभा राहिला होता, जणू शाल त्यालाच मिळणार. मामाजी त्याच्याकडं वळले. "टाया नको पिटू, किसन. तुहा हार मोठा होता. तू बोलला, देशाचं काम हाय, यात पार्टी नाई. मंग आता पार्टी कोठून निंगाली रे? तवा फट दिसत होती त हाकलाचं होतं. नाई दिसली, त आता मलेबी दिसत होती असं म्हनू नको. पाहून न हाकलनाऱ्याचा वाटा असते. तो तुह्या घरी."

"आन् बाकी गाव?" मागून कोणीतरी ओरडलं.

"तू येथीच होता. नाव सांगून बोल."

ओरडणारा दुसऱ्याच्या पाठीमागं सरकला.   "डफडं म्या वाजोलं," मामाजी म्हणाले. "डफड्याचा वाटा माहा."

एवढं बोलून त्यांनी चपला हातात घेतल्या. पण जायला वाट नव्हती, कारण वाटेत आत्या उभी होती. ती कधी आली कोणी पाहिलं नव्हतं. तिनं त्यांच्याकडं नाही, आम्हा बायकांकडं पाहिलं.

"म्या एक नाव मांगतलं होतं," ती म्हणाली. "ह्या मानसानं मले गाव देल्लं. एवढ्याले शाप देऊ त राहू कोठी?"

आणि घरी निघून गेली.

त्या निवडणुकीत कोण जिंकलं ते तुम्हाला माहीतच आहे. आमच्या गावात मात्र मामाजींवर दोन्हीकडचे रागावले. पारावर त्यांना कोणी बस म्हणेना, हॉटेलात चहा पुढं येईना. त्यांनाही त्याचं फार वाटलेलं दिसलं नाही. चहा ते माझ्या दुकानाच्या पायरीवर पिऊ लागले. मी एकदा म्हटलं, "मामाजी, एकट्या गणपतरावाचाच कसूर म्हटला असता, तर आत्या तरी बोलली असती." ते म्हणाले, "बोलली असती. मंग आम्ही दोघं मिळून भिवासारखं आखीन एक घर उठोलं असतं." मला तेव्हा ते पटलं नव्हतं. आजही अर्धंच पटतं. धाडणारा एक आणि हार घालणारा एक, दोघांना एका रस्त्यावर उभं करणं मला जड जातं. पण त्यांनी मोठा वाटा कोणाचा ते सांगितलं होतं, हे लोक विसरतात. पारावरच्यांना ते शेवटपर्यंत झोंबलं आणि हॉटेलातल्यांना ते पुरलं नाही.

आत्या बोलायला लागली ती फार हळूहळू. पहिलं वाक्य मिठाचं होतं. "मीठ झालं का जास्त?" मामाजी म्हणाले, "नाई, बरं हाय." मी गल्ल्यावर बसून उगाच डोळे पुसले. वरणात मीठ खरंच जास्त होतं, हे मला आत्यानंच नंतर सांगितलं.

वर्षं गेली. ट्रॅक्टर आले, गुरं कमी झाली, कुपाट्यांच्या जागी तारा आल्या. कसूर सांगायला कोणी बोलवेना. मामाजी काठी घेऊन अंगणापुरते राहिले. किसन एका निवडणुकीत हॉटेल पोराच्या हाती देऊन स्वतः पारावर जाऊन बसला, आणि गणपतराव वारल्यावर त्यांचा मुलगा पार सोडून हॉटेलात. पार तिथंच, हॉटेल तिथंच, फक्त माणसं रस्ता ओलांडून गेली.

कारगिलची लढाई लागली तेव्हा आमच्या गल्लीतल्या न्हाव्याचा संतोष सुट्टीवर आलेला होता. त्याला परत बोलावणं आलं. तो सुखरूप परत आला, ते आधीच सांगते, नाहीतर तुमचा जीव तिकडं लागायचा. तर तो निघाला त्या दिवशी पुन्हा बसथांब्यावर गर्दी. पारावरचे हार घेऊन, हॉटेलातले हार घेऊन. कंडक्टर घाई करत होता. किसन हार घेऊन पुढं झाला आणि त्याच्या आणि संतोषच्या मधे कौसाआत्या येऊन उभी राहिली. पुरी पिकली होती, पण आवाज तोच.

"थांब. हार घालाचा त नाव सांगून घाल."

किसन हसला. "आत्या, मले वळखत नाई का तू?"

"वळखते. म्हनूनच सांगून राह्यली. मांगच्या खेपेले हार लय होते, नाव एक निंगालं नाई."

किसन हसायचा थांबला. हारातलं एक फूल त्यानं उगाच सरळ केलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "मी किसन तुकाराम," आणि हार घातला.

"किसन तुकाराम!" आत्या सगळ्या थांब्याला ऐकू जाईल असं ओरडली.

गणपतरावांच्या मुलानं हातातला हार दुसऱ्याकडं दिला आणि ड्रायव्हरशी बोलायला गेला. काहींनी हार बसच्या टपोऱ्या नाकावरच चढवले. काहींनी नाव सांगितलं. ज्यानं सांगितलं त्याचं नाव आत्यानं मोठ्यानं म्हटलं, बापाच्या नावासकट, निवाड्याच्या वेळेसारखं. संतोषची आई तिच्याजवळ सरकून उभी राहिली होती. गळ्यात हार थोडेच पडले.

मग गर्दी जरा बाजूला झाली. काठी टेकत मामाजी आले. थांब्याशी आल्यावर वाकून चपला काढल्या, त्यालाच वेळ गेला. हातात त्यांच्या अंगणातल्या पिवळ्या कण्हेरीची दोऱ्यात ओवलेली फुलं. ती त्यांनी संतोषच्या गळ्यात घातली आणि काही बोलले. इंजिन चालू होतं. ओठ हलले, आवाज आला नाही.

लोक आत्याकडं पाहायला लागले. मीही पाहिलं. आतापर्यंत प्रत्येकाचं नाव तिनं पुन्हा म्हटलं होतं. ती नवऱ्याकडं बघत होती. तेही तिच्याकडं बघत उभे होते, हात खाली सोडून, निवाडा ऐकायला उभ्या राहिलेल्या माणसासारखे.

तिनं पदर डोक्यावर नीट घेतला.

"लटारी गोमाजी!" ती ओरडली.

बस निघाली. दुसऱ्याच दिवशी पहाटे मी लेकीकडं आदिलाबादला राहायला गेले, तेव्हा मामाजींना मी शेवटचं पाहिलं ते तिथंच. चपला हातात घेऊन, धुळीतल्या संतोषच्या बुटांच्या खुणा मोडणार नाहीत असे, रस्त्याच्या अगदी कडेनं ते घराकडं चालले होते, आणि आत्या पुढं चालत मधूनमधून थांबत होती.